८४,२०० की ११,३४०

नागोया, २००६

३ जून, शनिवार. सकाळी ९:१०
गाडी ठरली. आमच्या प्रोजेक्टचे सीनियर चारुदत्त सर २४ तारखेला कायमचे पुण्याला परत चाललेत. त्यांची पांढरी जुनी गाडी मी घेणार. २५ ला अनघा आणि आर्या येतात. वर्षभराच्या मुलीला घेऊन दोन ट्रेन बदलाव्या लागणार नाहीत, एअरपोर्टवर स्वतःच्या गाडीने येईन, असा अनघाला फोनवर शब्द दिलाय. बावीस दिवस आहेत. भरपूर.

४ जून, रविवार
सरांनी कागद दिले. बाकीचे सही करतात, मी वाचतो. गेल्या वर्षीच्या तपासणीच्या दाखल्यावर किलोमीटर ८४,२००. गाडीचा मीटर दाखवतो ११,३४०. सर म्हणाले, मीटर बिघडला होता, गॅरेजवाल्याने नवा बसवला. तोंडी म्हणाले.
मी घाबरलेलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

७ जून, बुधवार
सरांकडून घ्यायच्या खुलाशाचा मसुदा तयार. नऊ कलमं, तीन प्रती. डिप्लोमा अर्धवट राहिला असेल, पण माझ्या टेस्ट रिपोर्टमध्ये आजवर एक स्पेलिंग चुकलेलं नाही.
स्टॅम्प पेपर कुठे मिळतो ते शेजारच्या टेबलावरच्या कोबायाशी-सानना विचारलं. स्टॅम्प पेपर म्हणजे काय हे समजावण्यात लंच गेला. इथे शिक्क्यावर भागतं म्हणाले. भागत असेल.

१२ जून, सोमवार
सरांनी मसुदा कँटीनमध्ये वाचला. पंधरा वर्षांत एकाही क्लायंटने माझ्याकडून असं लिहून घेतलं नाही, म्हणाले. तू एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचास, इकडे कुठे आलास, असंही म्हणाले. सगळे हसले. मग हळू आवाजात:
"वरद, तुला गाडी हवीय की पुरावा?"
दोन्ही, म्हणालो. त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला आणि ट्रे उचलला. विचार करत असावेत. कलम ७ जरा सौम्य करतो.

१५ जून, गुरुवार. दुपारी
अर्धी रजा टाकून वाहन नोंदणी कार्यालयात गेलो, म्हणजे इथलं आरटीओ. खिडकीतल्या बाईंना दोन्ही आकडे लिहून दाखवले. त्यांनी एकाला बोलावलं, त्याने आणखी दोघांना. नावबदलीच्या अर्जात किलोमीटरचा रकानाच नाही, असं चौघांनी वाकून सांगितलं.
चौघं उठून आले, म्हणजे मुद्दा गंभीर आहे. रकाना का नाही, याबद्दल अर्ज लिहायला घेतला.

१९ जून, सोमवार
अनघाचा फोन. गाडीचा रंग विचारत होती. पांढरा, म्हणालो. खोटं नाही.
सर तीन दिवस माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. पॅकिंग असेल.

२२ जून, गुरुवार
गाडी मेधाने घेतली. आमच्याच टीममधली. सरांनी तिला १२ तारखेलाच विचारलं होतं म्हणे. पार्किंगला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला, शिक्के, नावबदली, सगळं उरकलंय. दोन आकड्यांचं काय, विचारलं. "विचारलं त्यांना, सांगितलं त्यांनी," म्हणाली. इतकंच. बिचारी.
मी सुटलो. लिफ्ट असलेल्या स्टेशनांची यादी केली. अनघाला अजून सांगितलेलं नाही. प्रवासाआधी टेन्शन नको तिला.

२५ जून, रविवार. संध्याकाळी
मेधा स्वतःहून गाडी घेऊन एअरपोर्टवर आली होती. कुणाची तरी चाइल्ड सीटसुद्धा मागून आणलेली. अनघाला वाटलं गाडी आमचीच आणि मेधा नुसती चालवतेय. सीट्स छान आहेत रे, म्हणाली. सांगावं लागलं. मग घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.
उतरल्यावर मेधाने मला ड्रायव्हरच्या बाजूला बोलावलं. दार उघडलं की चौकटीवर गॅरेजचं स्टिकर. मीटर बदलल्याची तारीख, जुन्या मीटरचा शेवटचा आकडा ८५,०६०, खाली शिक्का. पहिल्याच दिवशी दिसलं तिला.
मी त्या गाडीचं दार कधी उघडलंच नव्हतं. मीटर काचेतून वाचला होता.
स्टिकर दोनदा वाचलं. कुठेही चूक नाही. मान वर केली, तर अनघा आर्याला कडेवर घेऊन, दुसऱ्या हाताने बॅग ओढत, एकटीच जिन्याशी पोचली होती.