गोंडोल्याचं आवतन

आमचे इवाई श्री. घनश्यामजी, मुक्काम आमगाव, यांच्या उंबरठ्यावर शहापूरच्या मुरारीचा रामराम. उंबरठ्यावरच ठेवला आहे. उचलून आत घ्यायचा की नाही, ते तुमच्या मर्जीवर. विहीणबाई शकुनबाईंची कंबर आता कशी आहे? जावई विक्कीबाबूचं काम बरं चालू असेल. आमची ममता तुमच्या घरी सुखात आहे, हे ती फोनवर सांगते, अन् ते खरंच असणार. तुमची तब्येत ठणठणीत आहे हे मले न विचारताही माहीत आहे, कारण माझा नंबर पाहून तुम्ही ज्या फुर्तीनं फोन कापता, ती फुर्ती आजारी माणसाच्या बोटात नसते. म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही. (फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस एक डाव वाचून पाहतेच.) आमचा तुलाराम तिकडं लग्नाले येऊन राहिला, त्याच्या हाती पाठवतो.

कारण असं की गोंडोला सुरू होऊन राहिला. या वेळी खरंच. येत्या पाडव्याले.

तुम्ही म्हणाल, या गोंडोल्याची सारी कथा मले माहीत आहे. माहीत आहे, पण तुम्हाले ती पाण्यातून माहीत आहे. मी काठावरून सांगतो.

आमच्या तलावाच्या एका अंगाले हायवे, अन् दुसऱ्या अंगाले टेकडी. टेकडीवर ते फुलपाखरू रिसॉर्ट झालं. सिमेंटचे राक्षस, घसरगुंड्या, माणूस बसेल एवढ्या कपबशा, असं सगळं. गाड्या ठेवायची जागा हायवेच्या बाजूले, अन् मौज टेकडीवर, मधात आमचा तलाव. वळसा घालून जाता जाता मौज उतरून जाते, म्हणून मालकानं ठरवलं की लोकांनी तलावावरून जावं. एक दिवस फाटकावर मोठा बोर्ड लागला, 'लवकरच येत आहे गोंडोला'. आम्ही ढिवर लोक बोर्डाखाली उभे राहून वाचलं. तुलाराम म्हणाला, "पेंटरनं घोळ केला. डोंगा लिहायचं होतं." सगळ्याइले पटलं. तलाव पार करायचा, तर डोंग्याशिवाय काय लागते? दुसऱ्या दिवशी आम्ही आपापले डोंगे घासूनपुसून किनाऱ्याले लावले, धुतलेले कपडे घातले अन् हातात बांबू घेऊन मॅनेजरसमोर उभे राहिलो. (त्याले आधी वाटलं मोर्चा आला. त्यानं गेट लावून घेतलं.)

माणूस मात्र चांगला. चहा पाजला अन् मोबाइलवर दाखवलं. बर्फाचा पहाड, त्यावरून दोरी, अन् दोरीले काचेचे डबे टांगलेले. "याले गोंडोला म्हणतात," म्हणाला. आम्ही आळीपाळीनं पाहिलं. तुलारामनं विचारलं, "मंग याले वल्हवते कोण?"

"बिजली," मॅनेजर म्हणाला.

परत येताना बांबू तेवढे खांद्यावर वाजत होते.

नंतर त्यानं मलेच बोलावून काम दिलं. तारेखाली डोंगा घेऊन बसायचं, जॅकेटं जवळ ठेवायची. वरचा डबा अडकला अन् कोणी घाबरून उडी मारली, तर मी झेलायचं. म्हणजे साऱ्या जगाची तंत्रविद्या वर, अन् तिचा भरवसा खाली मुरारीवर. मी घरी येऊन हे छाती फुगवून सांगितलं, पण ममताच्या मायचं, बायाबाईचं, ध्यान माझ्या नोकरीकडं नव्हतंच. ती म्हणाली, "अजी, डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन सारी जिनगी या तलावाले वळसा घातला. एक डाव मी वरून जाईन."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हापासून अंगणातून खांब मोजत बसायची. खांब चारच होते, तरी रोज मोजायची.

आता दिवाळीचं. उद्घाटन दिवाळीले आहे हे मी तुम्हाले फोनवर सांगतलं होतं, ते मॅनेजरनं मले सांगतलं म्हणून. मॅनेजरले मालकानं सांगतलं, अन् मालकाले कोणी सांगतलं ते देव जाणे. तुम्ही गाडी करून सहकुटुंब आले. पांढरंशुभ्र धोतर, नवा कोट, वर काळा चष्मा. पाहून मलेच वाटलं की फीत तुमच्याच हातून कापणार. अन् इकडं खांब उभे, पण तार नाही, डबे नाहीत, माणूस नाही. फाटकावरच्या चौकीदारानं सांगतलं, तार परदेशातून निघाली आहे, बंदरात आहे. तुम्ही म्हणाले, "मुरारी, मी आमगावाहून पोचलो, अन् तुझी तार बंदरातच?"

पाहुणे नाराज परत जाऊ नये म्हणून मी म्हटलं, चला, डोंग्यातून खांब दाखवतो. इथपर्यंत माझा हेतू साफ होता. खांब मधात आले, तसे तुम्ही त्याची उंची पाहायले उभे राहिले. मी बोललो, "बसा इवाईबुवा." तुम्ही बोलले, "मले नको शिकवू, मीबी ढिवराचाच पोर आहो." अन् ते बोलणं पुरं व्हायच्या आधी तुम्ही तलावात होते.

पाणी कमरेएवढंच होतं, हे मी चार लोकांत सांगतच असतो. पण तुम्ही मंडप-बिछायतीच्या धंद्यात पडून डोंगा विसरले, ही चूक तुमची नाही, तशी डोंग्याचीही नाही. चष्मा मिळाला, तो मी पुसून ठेवला आहे. खरा घोळ झाला तो पारीवर, तलावाच्या बांधावर. बायाबाई तिथं उभी होती, अन् ती हसली. पदर तोंडावर धरून, मंग पदर सोडून, मंग खाली बसून हसली. विहिणीनं इवायाले हसावं, तेही धोतर अंगाले चिकटलेलं असताना! तुमचा राग वाजवीच होता. घरी मरळ माशाचा रस्सा चुलीवर होता. तुम्ही ओल्या अंगानं गाडीत बसले, सगळ्याइले बसवलं. ममतानं खिडकीतून हात केला, त्या हाताले आईनं नुकतीच नवी बांगडी भरली होती.

त्यानंतर संक्रांत गेली, होळी गेली. ममता आली नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणते, "बाबा, यायचं आहे हो, पण मामंजींना तुम्हीच विचारा." अन् मामंजींचं बोट कसं आहे ते मी वर लिहिलंच.

बायाबाईनं तुम्हाले एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणते, "इवाई रागीट आहेत, पण जबानचे पक्के. गोंडोल्यात बसीन म्हणाले, तर बसतीलच. तो सुरू झाला का येतील, अन् पोरगीले घेऊन येतील." झालं. घरचं कॅलेंडर बंद पडलं, अन् सगळं गोंडोल्यावर मोजणं सुरू झालं. कौलं कधी फेरायची? गोंडोला सुरू झाल्यावर. पापड कधी? ममता आल्यावर, म्हणजे गोंडोला सुरू झाल्यावर. तार आली तर चाक अडलं, चाक आलं तर तपासणीवाला साहेब रजेवर गेला. मी दर वेळी खाली मान घालून बातमी आणायचो, तर ती मलेच धीर द्यायची, "बरं झालं. तवरी मी जरा चालतीफिरती होईन."

मागच्या पंधरवड्यात पहिली चाचणी झाली. इथं विजेचं काम लिलाधरभाऊ पाहतात, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांनी माणसाच्या जागी धानाच्या बोऱ्या बसवल्या. एका डब्यात सहा बोऱ्या, दार लावलेलं, काचेतून बाहेर पाहत तलावावरून निघाल्या. आमच्याच गावचं धान, आमच्याच तलावावर पिकलेलं, अन् आमच्या आधी वर! मी खाली डोंग्यात जॅकेटं घेऊन बसलो होतो, बोरी पडली तर तिले घालायले. अंगणात खाटेवरून बायाबाईनं टाळ्या वाजवल्या. त्या मले तलावात ऐकू आल्या नाहीत, शेजारच्या रुखमिणीनं नंतर सांगतल्या.

तर इवाईबुवा, झालं गेलं तलावाले मिळालं. या पाडव्याले सगळे या. तुम्ही काचेजवळ बसा, डोंगा मी नजरेसमोरही आणत नाही. मरळ सांगून ठेवली आहे. लहानमोठ्यांना जसा ज्याचा मान तसा रामराम, आशीष. आपला, उंबरठ्यावर उभा असलेला,

मुरारी

ता. क. गोंडोला पाडव्याले सुरू होत नाही. वर लिहिलं ते पोरगीले आणायचं निमित्त म्हणून लिहिलं. तारीख पुन्हा पुढं गेली, आता कोणी तारीखही सांगत नाही. अन् मी वर खाट लिहिली, टाळ्या लिहिल्या, पण ती दिवसा खाटेवर काहून होती ते लिहिलं नाही. बायाबाईच्या पोटात गाठ आहे. आधी भंडाऱ्याले दाखवलं, मंग नागपूरले. तिथल्या डॉक्टरनं मले एकट्याले बाहेर बोलावून म्हटलं, "बाबा, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या." आत गेलो तर तिनं पिशवी भरून ठेवली होती. म्हणाली, "चला. मले विचारू नका अन् मले सांगूबी नका." ममताले फक्त 'गॅस झाला' एवढंच माहीत आहे, तशी बायाबाईची शपथ आहे. मी तुम्हाले लिहून ती मोडून राहिलो. ती माणसावर हसली नाही हो घनश्यामजी, ती त्या दिवशी खुशीत होती, पोरगी घरी आली होती म्हणून हसली. तशी मंग कधी हसली नाही. गोंडोल्याची वाट पाहू नका. राग असेल तर तुम्ही नका येऊ, चालेल. ममताले तेवढं गाडीत बसवून द्या. कोणत्या गाडीनं ते सांगायची गरज नाही, मी वरठीच्या स्टेशनावर रोज उभा राहतो.

आणखी एक. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज सकाळी लिलाधरभाऊ घरी आले अन् म्हणाले, "मुरारी, तपासणी झाली. आता माणसं बसवून पाहायची आहेत. वहिनीले आण." मी तिले खाटेवरून उचललं. मासोळीची टोपली जड होती, इवाईबुवा, तीच हलकी. तिनं लग्नातलं लुगडं नेसून घेतलं, रुखमिणीनं नेसवलं. दार लागलं, अन् आम्ही दोघं तलावावर निघालो. मी घाबरलो, माझा हात तिनं धरला. मधात आल्यावर लिलाधरभाऊंनी डबा थांबवला. तिनं पार पाहिली, आमचं घर पाहिलं, वाळत घातलेलं जाळं पाहिलं. मंग म्हणाली, "अजी, इथून आमगाव दिसते का?"

आमगाव कुठं, आम्ही कुठं. पण दूर वरठीकडं कारखान्याचा धूर निघत होता. मी बोट दाखवलं. म्हटलं, "तो धूर दिसते न, त्याच्या बुडाशीच."

तिनं लगबगीनं डोक्यावर पदर ओढला, अन् इवायासमोर बसावं तशी, उतरेपर्यंत तिकडं पाहत, खालच्या मानेनं बसून राहिली.