उलट्या चालण्याची चौकशी

आदरणीय दाजी,

पाया पडतो. ताजी खबर अशी की माझं डोकं ठिकाणावर आहे. उंब्रजच्या डॉक्टरांनी काल सकाळी तपासून तसं स्पष्ट सांगितलं आणि मंगलनंही (स्वतःची बायको असून, जरा थांबून का होईना) मान डोलावली. तेव्हा तुमच्याकडं विट्याला याच्या उलट काही पोचलं असेल तर ते खोटं समजावं. सुलाअक्काची कंबर कशी आहे? तुमचा खोकला बसला का? खरं तर फोनच केला असता. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवता, आणि मग आमच्या घरातलं बोलणं समोरच्या किराणा दुकानात माझ्या आधी पोचतं. म्हणून पत्र.

विषय प्रांजलच्या स्थळाचा. मुलगा चांगला आहे, तुम्ही एवढं जुळवत आणलंत. पोर तर त्या दिग्विजयचं नाव निघालं की चहात साखर दोनदा घालते. अशात तुमचा निरोप आला की मुलाकडची मंडळी विचारात पडली आहेत, मुलीच्या बापाच्या डोक्यात फरक पडलाय असं त्यांना आमच्या गावातूनच समजलं. हे कुणी सांगितलं? माझा संशय चुलतभाऊ मानसिंगवर आहे. का, ते सविस्तर लिहितो.

फौजेतून आल्यापासून मी रोज पहाटे एकाच वाटेनं हायवेच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. लोक माझ्यावर घड्याळं लावायचे. तरी रक्तातली साखर चढत गेली आणि गुडघ्यानं संप पुकारला. प्रांजल सांगलीला फिजिओथेरपी शिकते हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आबा, तुमचं शरीर लय हुशार झालंय. रोज तेच काम म्हटल्यावर ते झोपेतच उरकतंय. त्याला जरा बावचळू द्या." मला आधी वाटलं, कॉलेजनं पोरांना आपापल्या बापांवर प्रयोग करायला सांगितलं असणार. तरी पोरीच्या शब्दाखातर सुरुवात केली. एक दिवस चढाची वाट, एक दिवस देवळाच्या पायऱ्या, कधी सायकल, कधी पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायच्या, आणि शनिवारी पाटाच्या कडेनं उलटं चालायचं, म्हणजे तोंड इकडं आणि जाणं तिकडं. त्यानं तोल सुधारतो आणि गुडघ्याला बळ येतं, असं ती म्हणते.

आता शहरात माणूस वाट बदलून फिरला तर कुणी मान वर करून बघत नाही. आपल्याकडं माणसानं वाट बदलली म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी शिजतंय असं धरलं जातं. चढाची वाट मानसिंगच्या उसाच्या बांधावरून जाते. तिथं मी हद्दीच्या दगडावर पाय टेकवून नुसता ताणत होतो, ते त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या दगडांना चुना! देवळाच्या पायऱ्या चढउतार करताना रंगूबाईनं विचारलं, "आवं हवालदार, कसला नवस बोललाय?" मी म्हटलं, गुडघ्याचा. हे खरं होतं, म्हणून कुणाचाच विश्वास बसला नाही. सायकल काढली तर मी पंचायतीला उभा राहतोय असं ठरलं, आणि दोघांनी मला वाटेत अडवून गटाराचं काय करणार ते विचारलं.

पण दाजी, गुण आला, हे मान्य करायला पाहिजे. साखर उतरली (मला पटेना, म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासली, तिथंही उतरलीच होती). परवा पंगतीत मांडी घालून बसलो आणि कुणाचा हात न धरता उठलो. वाढणारा दोन पावलं मागं सरकला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या शनिवारी पाटाच्या कडेनं उलटा चाललो होतो तेव्हा पाठीमागून एका परक्या माणसावर जाऊन आदळलो. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरी विजार. मला सावरून विचारतो, "आकाराम हवालदारांचं घर कुठं आलं? माणूस कसा हाय?" माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. हा मानसिंगनं पाठवलेला जमिनीचा दलाल असणार. मी ओळख दिलीच नाही. म्हटलं, "त्याच्या नादाला लागू नका गड्या. डोक्यात फरक पडलाय त्याच्या. आज एकीकडं तर उद्या तिसरीकडं. घरची माणसंबी वैतागली हायती." त्यानं हात जोडले आणि घराकडं न येता आल्या वाटेनं परत गेला. सांगायचा मुद्दा, मी किती सावध असतो.

इतक्या सावध माणसाच्या डोक्यात फरक पडलाय असं मानसिंगशिवाय कोण म्हणेल? तेव्हा पाहुण्यांना तेवढं नाव विचारून कळवावं. मी त्याला चारचौघांत उभा करतो.

आपला,
आकाराम

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी मंगलनं पत्र वाचलं आणि ती खालीच बसली. तिचं विचारणं आहे की मुलाचे मामा आप्पासो चष्मा वापरतात का, आणि त्याच्या काड्या कुठल्या रंगाच्या? मानसिंगचं नाव तूर्त कुणाकडं काढू नये.

आणखी एक. चष्म्याचं कळवू नका, कळलं. प्रांजलनं दिग्विजयला फोन करून सगळं सांगून टाकलं. (दोघांकडं एकमेकांचे नंबर आहेत. कधीपासून, ते मी नंतर बघतो.) मला एवढंच म्हणाली, "आबा, लोकांनी वाईट सांगितलं असतं तर मी निस्तरलं असतं. तुमीच सांगितल्यावर मी कुणाकडं बघू?" तेव्हा दाजी, माझी खरी विनंती ही: मंडळींना रविवारी घेऊन या. मी मामांची माफी मागेपर्यंत तुम्ही त्यांच्या शेजारून हलू नका. ओळखू नये म्हणून मी मिशी काढणार होतो, पण मंगलनं वस्तरा लपवला आहे.

शेवटचं. आत्ताच दिग्विजयचा फोन आला होता. मंडळी अकराला येतील. मामा मात्र एकटे, पहाटे सहाला, कॅनव्हासचे बूट घालून येणार. लग्नाचं बोलणं फिरून आल्यावर, असा त्यांचा निरोप आहे. त्यांचाही गुडघा धरलाय म्हणे. मी सहाला दारात उभा राहीन. पण सरळ चालायचं की उलटं, हे त्यांनी सांगितलेलं नाही, आणि मला त्यातच काहीतरी दिसतंय.