प्रोबेत्साइट आणि दोन चाकं

१० नोव्हें., सोम.
हेल्मेट चढवलं, ग्लोव्ह्ज घातले, बाइक सुरू झाली की नाक वाहायला लागतं. त्याआधी नाही. त्याआधी ते अगदी कोरडं, सज्जन, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं नाक असतं. गाव मागे पडलं की सुरू. पुसता येत नाही. थांबावं तर उशीर. मग जिभेने जे करता येतं ते केलं, तपशील लिहीत नाही. माणसाची प्रतिष्ठा अबाधित राहील असं इथल्या, जर्मनीच्या घटनेच्या पहिल्याच कलमात आहे. आमच्या घरात घटना हा थट्टेचा विषय नाही, म्हणून पूर्ण गांभीर्याने नोंदवून ठेवतो : ते कलम लिहिणारा कुणीही नोव्हेंबरच्या पावसात मोटरसायकलवर बसलेला नव्हता.

बाकी ठीक. म्हणजे ठीक नाही. मे महिन्यात बॉबलिंगेनचं आमचं अख्खं डिपार्टमेंट 'कमी' झालं, सप्टेंबरपासून ही नवी नोकरी. डोंगरावरच्या इंडस्ट्रियल एरियात टेस्ट-बेंचवर गाड्यांचे ब्रेक तपासतो. गाड्यांचे! पाळी सहाची. पहिली बस वर पोचते तेव्हा पाळी सुरू होऊन गेलेली असते. घरातली एकुलती गाडी बायको, वैशाली नेते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नेमक्या त्याच वेळी, नेमक्या उलट्या दिशेला. फेब्रुवारीअखेरपर्यंत प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन. तोवर त्यांना मी नकोसा झालो तर कारणसुद्धा द्यावं लागत नाही. आणि कायमच्या व्हिसाचा अर्ज तिकडे ऑफिसात पडून. नोकरी गेली की तो गेला, मग लेकीची, ओवीची शाळा, घर, सगळंच. म्हणून बाइक.

१३ नोव्हें., गुरु.
मित्राचा, मिलिंदचा फोन. मूळचा नागपूरचा, आता इथलाच झालाय, फक्त भाषा सोडून.
"काऊन बे, अजून बाइकवरच?"
"हो."
"अबे, माह्या गाडीत बटन दाबलं का बूड गरम होते. पाच मिनिटात. तू बी घे ना एखादी जुनी."
"कारचं लायसन नाही ना."
"अजून नाही? माह्या पोरीनं—"
ठेवला फोन.

लायसनची हकीकत काय सांगायची त्याला. आपली लायसनं इथे चालत नाहीत, परीक्षा पुन्हा. बाइकची पहिल्या फटक्यात पास. सोळाव्या वर्षापासून औरंगाबाद, मग चाकण. दुचाकीवर जेवलो नाही एवढंच. कार मात्र हातात कधी नव्हतीच. उन्हाळ्यात पहिली परीक्षा दिली. आंधळं वळण आलं, मी हलकासा हॉर्न दिला. प्रेमाने. आपल्याकडे न देणारा बेजबाबदार. परीक्षक मागच्या सीटवर असा दचकला की मी पण दचकलो, आणि त्या भरात पुढचं चाक स्टॉपच्या रेषेपलीकडे. संपलं.
"हॉर्न कशासाठी?" तो.
"मी येतोय हे सांगायला."
"कुणाला?"
वळणापलीकडे कुणी नव्हतं. या देशात वळणापलीकडे कुणीही नसतं.

१९ नोव्हें., बुध.
कंपनीच्या पार्किंगमध्ये बाइकच्या जागेत मी एकटा. सप्टेंबरात रांग असायची. बाकीच्यांच्या नंबरप्लेटवर महिने छापलेले, मार्च ते ऑक्टोबर. पुढे विमा नाही, रस्त्यावर आणायचीच नाही. यांची बाइक म्हणजे आंबा, सीझनला. माझी कांद्यासारखी बारमाही.

आमचे टीमलीडर, हेर ब्रांट, खिडकीतून बघत होते. आत आलो तर म्हणाले, "मूटिश, हेर झाल्वे." साळव्यांचं इथे झाल्वे झालंय. मूटिश म्हणजे धाडसी. जर्मन माणूस 'धाडसी' म्हणतो तेव्हा खरा शब्द त्याने कॉफीबरोबर गिळलेला असतो.

बर्फात गाडीला हिवाळी टायर लागतातच, कायदा. मोटरसायकलला सूट. म्हणजे कायद्याच्या मते बर्फात मोटरसायकलवर कुणी असणं शक्यच नाही. मी बेकायदेशीर नाही, नुसता अशक्य आहे.

२५ नोव्हें., मंगळ.
दोन डिग्री, पाऊस. पावसाला दोन डिग्रीला बर्फ व्हायचं धाडस होत नाही, नुसता आत शिरत राहतो. मोज्यांवर ब्रेडच्या पिशव्या, ग्लोव्ह्जवर वै.चे भांडी घासायचे गुलाबी रबरी. सिग्नलला शेजारच्या गाडीतला इसम बघत होता. शर्टावर होता! त्याच्या काचेच्या आत जून महिना चालू होता.

पोचलो. हेल्मेटचा बंद निघेना. बोटं आहेत हे दिसत होतं, कळत नव्हतं. लॉकररूममध्ये हेल्मेटसकट उभा, शाळेच्या गॅदरिंगमधल्या अंतराळवीरासारखा. ब्रांट आले. हनुवटीखालचा बंद सोडला, जसा पोराचा सोडतात. मी 'डांके' म्हटलं, थँक्यू. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

बोटं अशी, म्हणून वै.ला 'पोचलो' हा मेसेज गेला नाही. रोज तेवढा एक शब्द ठरलाय. तिने अर्ध्या तासाने कंपनीतच फोन लावला. ब्रांट परत आले : "तुमच्या पत्नी विचारतायत, तुम्ही जिवंत आहात का. काय सांगू?"

३ डिसें., बुध.
पडलो.
राउंडअबाउटला ओली पानं. फार वेग नव्हता. आधी बाइक गेली, मग मी, मग थोडा वेळ दोघंही निवांत. मागची गाडी वेळेत थांबली. ब्रेक चांगले होते तिचे. आमच्याकडेच तपासले असतील. उचलली, चालू झाली, वेळेत पोचलो. 'पोचलो' लिहिलं.
कोपर सुजलंय. वै.ला सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगेन. ती विचारणार कशाला.

६ डिसें., शनि.
सकाळी दाराबाहेर माझे बाइकचे बूट. आज इथे निकोलाउस, पोरं रात्री बूट बाहेर ठेवतात, सकाळी त्यात चॉकलेट. ओवी बारा वर्षांची, आता हसते असल्या गोष्टींना. पण या वेळी तिने माझे बूट ठेवले होते. आत चॉकलेटचा म्हातारा आणि हात गरम करायच्या दोन पुड्या, चोळल्या की तापतात त्या. म्हटलं, "कुणी ठेवलं गं?" तर, "वाइस इश निश्ट." मला काय माहीत. आणि वर, "पापा, तुझ्या जाकिटाला ओल्या कुत्र्याचा वास येतो," हेही जर्मनमध्येच.

मग मेणबत्ती. निळं कापड, फोटो, पांढरी फुलं मिळाली नाहीत म्हणून पिवळी. तिघं उभे राहिलो. त्रिसरण, मग पंचशील. चौथ्या शीलाला आलो, खोटं बोलणार नाही. मी खणखणीत आवाजात म्हणतोय, आणि जोडलेल्या हातांवरची बाही खाली सरकली. कोपर हिरवं-जांभळं. वै.चा आवाज थांबला. मी पाचवं एकट्याने म्हटलं.

ओवी खोलीत गेल्यावर :
"कधी?"
"बुधवारी."
"अहो, त्या दिवशी मेसेज आला होता. पोचलो म्हणून."
"पोचलो होतोच की."
"सोमवारपासून बाइकला हात लावायचा नाही."
"मग जाऊ कसा?"
  तिने खुंटीवरून बाइकची किल्ली काढली, मग परत तिथेच लावली. रडली असती तर बरं झालं असतं.

१२ डिसें., शुक्र.
कार शिकवणाऱ्या बाईंनी, फ्राउ वाग्नरांनी, आज हॉर्नवर पुठ्ठा चिकटवला. माझा अंगठा आपणहून जातो तिथे. गल्लीच्या तोंडाशी गेला. सायकल दिसली, गेला. फ्राउ वाग्नर : "हेर झाल्वे, तुम्ही बघा. बघितलं की सांगावं लागत नाही." फार मोठं बोलल्या. पण तीस वर्षं मी सांगून जगलोय बाई, बघायला वेळ कुणाला होता.
गाडीत मात्र कोरडं होतं. ऊब होती. पुठ्ठ्याकडे बघत बसावंसं वाटलं, तासभर, नुसतं.

८ जाने., गुरु.
बर्फ. डोंगराचा शेवटचा चढ बाइक ढकलत नेली. घामाने आतून ओला, बर्फाने बाहेरून. गाड्या शेजारून जातात, हळू, सभ्य, कुणीही पाणी उडवत नाही. ही सभ्यता जास्त लागते. पंचवीस मिनिटं उशीर. नोव्हेंबरात धुक्याने एकदा झाला होता, हा दुसरा.

ब्रांट ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला कळतं ते, चाकणला शिकलोय. हे म्हणाले, "काम उत्तम आहे तुमचं. पण बेंच सहाला सुरू होतो. महिनाअखेरीला आपण बसू. पुढचं ठरवायला."
पुढचं.
वै.ला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. "व्हिसाच्या ऑफिसातून काही?" ती. "काही नाही." रात्री नेटवर नोकऱ्या बघितल्या. सगळ्यांना वर्ग 'बे'चं, म्हणजे कारचं लायसन हवं.

२० जाने., मंगळ.
दुसरी कार-परीक्षा. हॉर्न नाही. अंगठा मुठीत ठेवला होता.

निवांत वस्ती, पाट्या नसलेला चौक. इथे उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क. मी उजवीकडून येणारा. डावीकडून गाडीत एक बाई, मागच्या सीटवर दोन लेकरं. मी थांबलो आणि हाताने 'या, या' केलं. लेकरं आहेत, जाऊ दे की आधी. बाई गोंधळली. ती थांबली, मी निघालो. ती निघाली. फ्राउ वाग्नरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला.

परीक्षक हाही सज्जनच. "तुमचा हक्क होता. तुम्ही तो का दिलात?"
काय सांगू. हक्कासाठी भांडणाऱ्यांच्या घरातला माणूस मी, आणि हक्क दिला म्हणून नापास.
पुढची तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर. ब्रांटबरोबर बसणं त्याआधी, शुक्रवारी, ३० ला. मिलिंदला कळवलं. या वेळी चिडवलं नाही त्याने. "असू दे बे," म्हणाला. तेव्हा कळलं, प्रकरण खरंच वाईट आहे.

२७ जाने., मंगळ.
मध्यरात्रीनंतर पाऊस पडला आणि पडल्या जागी गोठला. रस्ता काचेचा. रेडिओ सांगतोय, घराबाहेर पडू नका. वै.ला आज सुट्टी होती. "मी सोडते," म्हणाली, पण आमची गाडी उतारावरच्या आवारात, दार उघडल्या उघडल्या घसरली. "नको," मी म्हटलं. बाइककडे गेलो. बाइक सुरू केली. पाय टेकवला, पाय गेला. बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. मग तसाच तिला टेकून उभा राहिलो. आज तिसरा उशीर, शुक्रवारी बसणं. काही सुचेना. सुचेनाच.

तळमजल्याचं दार उघडलं. फ्राउ हेबर्ले. सत्तरीपुढच्या, आजवर आमच्यात 'हालो'पलीकडे काही नाही. नाइटगाउनवर ओव्हरकोट, हातात किल्ली.
"हेर झाल्वे, रोज पाचला तुमच्या इंजिनाने मला जाग येते. आज दोनदा सुरू झालं, दोनदा बंद झालं. आता झोप कशी लागणार? बसा माझ्या गाडीत, ती सपाटीवर आहे."
"फ्राउ हेबर्ले, रस्ता—"
"माझ्या चाकांना खिळे नाहीत, पण मला घाई पण नाही. घाई आहे का तुम्हाला?"
"सहाला पोचायचंय."
"आल्झो, मग बोलू नका."

बोलत त्याच होत्या. माणसं चालतात त्या वेगाने, मुख्य रस्त्याला लागेपर्यंत. तिथे मीठ पडलं होतं. विषय : बाइकचा सायलेन्सर कसा बदलावा, माझं वजन किती कमी झालंय, माझ्या बायकोच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात किती चांगला येतो. उतरवलं गेटवर. डांके म्हणायच्या आत काच वर.

हॉलमध्ये कुणी नाही. दिवे मीच लावले. गरम सीटवाले सगळे घरी. बेंच सहाला सुरू केला. नवाच्या सुमारास ब्रांट, चेहरा पांढरा, गाडी कुंपणाला घासली होती. मला बघून उभेच राहिले.
"तुम्ही? बाइकवर?"
'हो' अगदी दातापर्यंत आलं होतं. शुक्रवारी उपयोगी पडलं असतं.
"नाही. शेजारणीने सोडलं."
"आहा," म्हणाले. कसलं 'आहा', ते चेहऱ्यावरून कळेना.

३० जाने., शुक्र.
लॉकररूममध्ये लिहितोय. पाळीआधी थोडा वेळ आहे. ब्रांटनी दहाला बोलावलंय. टेबलावर काय असेल माहीत नाही. काल काही बोलले नाहीत, फक्त नव्या बेंचचं वेळापत्रक मला विचारून ठरवलं. त्याचा अर्थ लावू नकोस असं वै. म्हणाली, आणि स्वतः रात्रभर लावत बसली.

काल रात्री परत हिमवर्षाव. आमच्या इमारतीत दर आठवड्याला एकाच्या दारावर पाटी टांगलेली असते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना झाडायचा, सातच्या आत फुटपाथवरचा बर्फ काढायचा. या आठवड्यात पाटी फ्राउ हेबर्लेंच्या दारावर. घरातून जरा लवकर निघालो. जिन्याखालचं फावडं घेतलं. दारापासून फाटकापर्यंत, मग फुटपाथ, शेजारच्या कुंपणापर्यंत पूर्ण. घसरू नये म्हणून खडी टाकली. पायरीवर जास्त टाकली. बेल वाजवली नाही, पाटीला हात लावला नाही. फावडं पुसून जागेवर ठेवलं.

मग बाइक त्याच मोकळ्या केलेल्या वाटेने ढकलत कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत नेली. तिथे सुरू केली.