चाखल्याची सही

३ एप्रिल

आजपासून माझं आणि या विद्यापीठाचं उघड वैर. कारण – एक पेन्सिल सेल. करंगळीएवढा!

भिंतीवरचं घड्याळ महिनाभर पाच मिनिटं मागे आहे. तिसरा अर्ज दिला. उत्तर आलं, शिक्क्यासकट : 'घड्याळ ही कायम वस्तू असून सेल ही खपणारी वस्तू आहे. खपणाऱ्या वस्तूंची मागणी वर्षारंभीच नोंदवावी.' सेल मी स्वतः आणून घालणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्याकडे तत्त्वं फारशी उरलेली नाहीत, म्हणून आहेत ती घट्ट धरते. डोक्यात पाच मिळवते, काम भागतं.

दारावर पाटी आहे – 'माजी सैनिक विद्यार्थी साहाय्य कक्ष'. पूर्वी इथे खेळाचं सामान ठेवायचे. अजून कातडी चेंडूंचा वास येतो. सैन्यातून निवृत्त होऊन शिकायला आलेल्यांना मी साहाय्य करायचं – अर्ज, सवलती, अभ्यास, धीर. नोंदणी नऊ जणांची. येतात एक. बाकीचे आठ गळाले. त्यांतल्या एकाला वर्गातली पोरं 'अंकल' म्हणाली, तो त्याच दिवशी घरी गेला. गोळ्यांना भ्यायला नव्हता!

७ एप्रिल

जे एक येतात त्यांना मी इथे, या वहीपुरतं, 'चारशेवाले' म्हणते. लष्करात वीस वर्षं आचारी होते. रोज चारशे माणसांचा स्वयंपाक. कँटीनवाला त्यांना 'मेजर' म्हणतो.

'मेजर नाही हो. आचारी.'

'बरं, मेजर!'

दोन वर्षं हेच चाललंय. दोघंही थकत नाहीत.

उजव्या हाताची तीन बोटं गेलीत. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, कुठल्या लढाईत? म्हणाले, 'ट्रकच्या फाळक्यात. कांदे उतरवताना.' मी एका साप्ताहिकात दर शनिवारी लोकांना चिमटे काढणारं सदर लिहिते. त्या शनिवारचा शूरवीरांवरचा लेख तिथेच मेला.

हात चालत नाही म्हणून परीक्षेत त्यांना लेखनिक मिळतो – ते सांगणार, तो लिहिणार. लेखनिक मीच. रोज चार ते साडेपाच सराव. समाजशास्त्र.

आज विचारलं, 'कुटुंब म्हणजे काय?'

'एका चुलीवर जेवणारी माणसं.'

'पुढे?'

'झालं.'

'दहा गुणांना एवढंच?'

'मग काय, पाणी घालून वाढवू?'

शेवटचा पेपर अठराला. तो सुटला की पदवी. पदवी मिळाली की एका शाळेच्या वसतिगृहात अधीक्षकाची जागा आहे, त्यांना जवळपास कबूल केलेली. अर्ज पदवीसकट तीस जूनपर्यंत. पुढच्या वर्षी ते वयात बसत नाहीत.

'नोकरी तीच का?' मी म्हटलं.

'वीस वर्षं उभ्यानं वाढलं, मॅडम. आता पोरांबरोबर बसून जेवायचंय.'

११ एप्रिल

ताईचा फोन. उजवा गुडघा. मग डावा. शेवटी म्हणाली, 'तुझं काय?' – आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवला.

१३ एप्रिल

आज मी पकडले गेले. त्यांचं उत्तर वाचून दाखवताना एक वाक्य माझ्या पदरचं घातलं होतं. सवय! लोकांची वाक्यं ओबडधोबड दिसली की माझा हात शिवशिवतो.

'हे माझं नाही,' ते म्हणाले.

'पण चांगलं आहे ना?'

'चांगलं आहे. मी चाखलेलं नाही.'

मग सांगितलं. त्यांच्या मुदपाकखान्यात एक वही असायची. जेवण तयार झालं की आधी आचाऱ्यानं अख्खं ताट खायचं, अधिकाऱ्यासमोर. पाव तास थांबायचं. मग वहीत सही – चाखलं. त्यानंतरच चारशे ताटं वाढायची. कुणाचं पोट बिघडलं तर ज्याची सही त्याची मान.

'न चाखता कधीच सही केली नाहीत?'

'एकदा केली. ताप होता, तोंडाला चव नव्हती. दुसऱ्या दिवशी आपणच जाऊन सांगितलं.'

'मग?'

'महिनाभर बटाटे सोलले. बाकी काही नाही.'

मी हसले. ते हसले नाहीत.

१८ एप्रिल

पेपर दहाला. लेखनिकाला फोन नेता येत नाही, म्हणून तो खणात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळावर विसंबले. डोक्यात नेहमीचे पाच मिळवले. घड्याळ आज सोळा मिनिटं मागे होतं!

पोचले तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं. सगळे आत. वर्गाबाहेर चारशेवाले एकटे, ताठ उभे. हातात प्रवेशपत्र. चेहऱ्यावर काही नाही. राग असता तर बरं झालं असतं.

'तक्रार द्या,' मी धापा टाकत म्हटलं. 'वेळ वाढवून मिळेल.'

'तक्रारीत तुमचं नाव लिहावं लागतं. चला.'

भराभर लिहिलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. शेवटचा प्रश्न वीस गुणांचा – स्थलांतराचे कुटुंबावर होणारे परिणाम. तिथे पोचलो तेव्हा जेमतेम दहा मिनिटं उरली होती. त्यांनी सांगितलं : 'घर सोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची जागा भरलेली असते. तो पाहुण्यासारखा जेवतो.'

आणि थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. बघतच राहिले.

माझी अकरा मिनिटं माझ्या मानेवर बसली होती. उत्तर मला पाठ होतं, दोन वर्षं तेच लिहीत होते. पेन कागदावरून उचललंच नाही. आर्थिक परिणाम, भावनिक परिणाम, बदलत्या भूमिका, समारोप. काय सुंदर समारोप!

घंटा झाली. पर्यवेक्षकांनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी डाव्या हातानं सही केली – 'सर्व उत्तरे मी सांगितलेली आहेत.' वाचून दाखवायला वेळ नव्हता. मी तसं म्हणालेही. किती सोयीचं!

१९ एप्रिल

सुट्टी. दिवसभरात एकाच माणसाशी बोलले. दूधवाल्याशी. 'अर्धाच द्या' – एवढंच.

६ मे

चार वाजले. साडेपाच वाजले. (घड्याळात अजून नाहीत.) परीक्षा संपली की ते कशाला येतील? बरोबरच आहे. कँटीनवाला विचारत होता, 'मेजर कुठे?' मी म्हटलं, 'मेजर नाही, आचारी.' कुणीतरी म्हणायला हवं ना.

२ जून

एकाहत्तर! पास! पदवी!

मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. या खोलीत टाळ्या फार मोठ्या ऐकू येतात. चारशेवाले उभेच. म्हणाले, 'उत्तरपत्रिकेची प्रत मिळते का?'

'नापासांना हवी असते ती! तुम्हाला कशाला?'

'बघायचीय.'

मी कारणं सांगितली, दोन आठवडे लागतात, परीक्षा विभाग छळतो. ते ऐकून घेऊन म्हणाले, 'अर्ज लिहून द्याल?' – लिहून दिला. माझ्याच हातानं. माझ्याच गळ्याचा दोर, सुवाच्य अक्षरात.

१४ जून

प्रत आली. त्यांनी शेवटची पानं टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवली, ताट ठेवावं तशी.

'दीड पान,' म्हणाले.

मी काहीबाही बोलले. अकरा मिनिटं, माझी चूक, मी फक्त भरपाई – ते ऐकत होते.

'मी चाखलेलं नाही. आणि सही केलीय.'

'कुणालाही कळणार नाही हे!'

त्यांनी पानं माझ्याकडे आणखी सरकवली.

'निदान तीस तारखेपर्यंत थांबा. आधी नोकरी पदरात पाडून घ्या, मग काय सांगायचं ते सांगा!'

'जेवण झाल्यावर चाखत नाहीत, मॅडम.'

कागद गोळा केले, एकाच हातानं, कडा जुळवून. गेले.

मला राग आला. खरंच आला. हा माणूस स्वतःचं वाटोळं करणार आणि मला दार धरून बघायला लावणार!

१५ जून

गेलेच ते परीक्षा विभागात.

२२ जून

समितीचा निर्णय. त्या विभागातल्या शिक्केवाल्यानं सांगितला – सेलच्या अर्जावर शिक्का मारणारा तोच. पेपर रद्द. उमेदवाराला दोन वर्षं परीक्षेला बंदी.

'दोन वर्षं? त्यांनी स्वतः येऊन सांगितलं ना!'

'तेच तर, मॅडम! न सांगता कोण पकडणार होतं? साहेबांनी विचारलं, शेवटचं पान कुणाचं? म्हणाले, सही माझी आहे, जबाबदारी माझी. लेखनिकाचं नाव घ्या म्हटलं तर नुसते उभे.' शिक्का शाईत बुडवून तो थांबला. 'आता लेखनिकानं लेखी दिलं, की मी मनानंच लिहिलं, तर बंदी उठते. ऑगस्टात फेरपरीक्षा. पण असं कोण देणार हो?'

आणि माझ्याकडे न बघता शिक्का मारला.

२४ जून

कबुलीचा मसुदा केला. तीन पानं. वाचून मलाच हसू आलं – घड्याळ, सेल, खपणाऱ्या वस्तू, सगळ्यांची रेवडी उडवलेली. वाचणारा म्हणेल, काय लिहितात बाई! गुन्हा कुणाचा ते मात्र कुणालाही समजणार नाही.

फाडला.

२५ जून

दुसरा मसुदा. दोन पानं. कमी विनोदी, जास्त उदात्त. त्याहून वाईट.

२६ जून

ताईला आपणहून फोन केला. सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'नोकरी जाईल तुझी. कुणाच्या कोण त्या आचाऱ्यासाठी?'

कुणाच्या कोण! बरोबर आहे. दोन वर्षं रोज दीड तास एक माणूस माझ्यासमोर बसून बोलला. त्याला काय म्हणतात, ते समाजशास्त्रात नाही.

नोकरीची काळजी नाही, ती कंत्राटीच आहे. ही खोली जाईल. चार वाजले की कुणी येईल असं वाटण्याची जागा जाईल.

२८ जून

दिलं. दोन ओळी : 'शेवटच्या उत्तरातली पहिली दोन वाक्यं उमेदवाराची आहेत. बाकीचं मी त्यांना न विचारता लिहिलं.'

शिक्केवाल्यानं दोनदा वाचलं. 'एवढंच?'

'झालं,' मी म्हटलं.

३० जून

वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस. पाचला मुदत संपली.

१० जुलै

आदेश आला. मला कक्षातून मुक्त केलं आहे. 'मुक्त'! शिवाय तीन वर्षं लेखनिक म्हणून बंदी. शिक्केवाला मनाचा चांगला, कागद पालथा करून हातात दिला.

सामान सोपवायची यादी केली. टेबल एक. खुर्च्या तीन, पैकी एक डुगडुगती. कपाट एक. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल सेल आणला, खुर्चीवर चढून बसवला, वेळ लावली. तत्त्व गेलं. यादीत लिहिलं : घड्याळ एक, चालू.

चारशेवाले चौदा जूननंतर कक्षात आलेले नाहीत.

२ ऑगस्ट

सदर बंद करते म्हणून संपादकांना कळवलं. ते म्हणाले, 'बरं.' पंधरा वर्षांचं 'बरं'.

९ ऑगस्ट

फेरपरीक्षा. मला तिथे काही काम नव्हतं. तरी गेले. दहाला अकरा कमी असताना वर्गाबाहेर.

चारशेवाले आधीच आले होते. शेजारी शिक्केवाला, इस्त्रीचा शर्ट घालून, घामाघूम – लेखनिक तोच! म्हणाला, 'मॅडम, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर गुण कापतात का हो?' आणि पाणी प्यायला पळाला.

आम्ही दोघंच राहिलो.

'जागा गेली तुमची. माझ्यामुळे,' मी म्हटलं.

'त्याच वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात देखरेखीला माणूस हवाय. पदवी लागत नाही. उभ्याचंच काम.' मग म्हणाले, 'त्या दिवशी मी गप्प होतो, मॅडम. पेन चालू होतं. मला ऐकू येत होतं.'

मला कळेना.

'तुम्ही लिहिताय हे कळत होतं. थांबवलं नाही. नोकरी हवी होती.'

'मग ती प्रत?'

'किती घेतलं ते बघायचं होतं. अर्धं पान वाटलं होतं.'

मला वाटत होतं, ते मला धडा शिकवतायत. दोन महिने मनात भांडले! आणि ते आपल्याच ताटाचं सांगायला गेले होते.

दहा वाजले. ते आत गेले. दार लागलं.

मी तिथेच उभी राहिले, ताठ, ते उभे होते त्याच जागी. दहा वाजून अकरा मिनिटं होईपर्यंत. मग घरी आले.