ओल्या ओकची पिंपे

मी, इलिशा कॉग्सवेल, पिंपे बांधणारा, राहणार न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड वसाहत, छातीच्या दुखण्याने खचलो असलो तरी शुद्धीवर असताना व कोणाच्या दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

धक्क्यामागचे घर पत्नी पेशन्स हिला. मुलगा नेथन गेल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिने बोलावे अशी अट मी घालत नाही.

कॅप्टन लेम्युएल ग्रीव्ह यास काही नाही. त्याचे जहाज रम घेऊन आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्याला जाणार, तिथून गुलाम म्हणून विकायची माणसे भरून बार्बाडोसला नेणार होते. पाण्याची पिंपे त्याला पंधरा दिवसांत हवी होती. नाहीतर काम बोस्टनला जाणार होते. पिंपांना लागणारा वाळलेला ओक संपला होता. मी ओला वापरला.

माझा गुलाम क्वाको तेव्हा हातातला रंधा खाली ठेवून म्हणाला, "मालक, हे लाकूड वाळलं की फटी पडतील. मी असल्याच जहाजातून आलोय. पाणी संपल्यावर खाली काय होतं, ते मी पाहिलंय."

मी म्हणालो, "पिंपं बांधायला कुणी शिकवलं तुला?"

त्याने रंधा पुन्हा उचलला. नेथन त्याच जहाजावर पिंपांची देखभाल करायला गेला. बापाच्या कामावर त्याचा विश्वास होता.

सात महिन्यांनी ग्रीव्ह दारात येऊन सांगून गेला की पाणी वाटेतच गळून गेले, जहाजाच्या तळाशी कोंडलेली एकसष्ट माणसे तहानेने मेली, नेथनही गेला. "शेवटपर्यंत फटींत राळ भरत होता पोरगा," एवढे म्हणून त्याने टोपी घातली. पेशन्स दारामागे उभी होती.

क्वाको आजपासून मोकळा आहे. त्याने माझ्या मरणाची वाट पाहू नये. वाकस, रंधे, भट्टी, सारी हत्यारे त्याची. हे त्याला सांगून मी माफी मागितली. तो म्हणाला, "हत्यारं घेतो. माफी माझ्याकडे नाही, मालक. ती खाली कोंडलेल्यांकडे मागा."

म्हणून मी ग्रीव्हला त्या एकसष्ट जणांची नावे विचारायला गेलो. नावे कुणी लिहूनच घेतली नव्हती. सबब त्यांच्यासाठी मला काही ठेवता येत नाही.

सही: इलिशा कॉग्सवेल
साक्षीदार: गिडियन आल्मी, दोरखंड वळणारा, टॅबिथा रेमिंग्टन, शेजारीण (फुलीची निशाणी)
न्यूपोर्ट, ९ नोव्हेंबर १७६३