दगडावरची दोन नावे

मी, झेल्डा यांकेल क्रोनगोल्ड, वय ७९, राहणार कॉलफील्ड, मेलबर्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी बेला हिला मिळावे. बँकेतील शिल्लकही तिचीच. मात्र कलम ४ चा खर्च आधी करावा.

२. माझे पती कै. यांकेल कोट शिवायचे. त्यांचे मशीन व मोठी कात्री शेजारच्या लुबाला द्यावी. रशियाहून आल्यापासून ती उसन्या मशीनवर शिवते आहे आणि तिची शिवण सरळ येते.

३. मासे शिजवायचे पातेले भावजय फ्रूमा हिला. आमच्या पोलंडच्या रीतीने मी माशांत साखर घालते, म्हणून चाळीस वर्षे तिने "मासे केलेस की मिठाई?" असे विचारत दोनदा वाढून घेतले. आता स्वतः करून खावेत.

४. बेला, हे कलम आधी एकटी वाच.

दर ऑगस्टमध्ये तुझे बाबा स्वयंपाकघरात गेलेल्यांच्या आठवणीच्या दोन मेणबत्त्या लावायचे. त्या आजी-आजोबांसाठी, असे तुला वाटे. मलाही वाटे. १९६२ साली मी सहज विचारले, "नक्की कुणासाठी लावता हो?"

"पेसासाठी. आणि रूख्लसाठी."

"कोण या?"

"बायको होती माझी. आणि मुलगी. चार वर्षांची."

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधल्या रादोम शहरात ते सक्तीच्या कामावर असताना नाझींनी मायलेकींना रेल्वेगाडीत घालून मारायला नेले. संध्याकाळी ते परतले तेव्हा खोली रिकामी होती. पुढची तीन वर्षे छावण्यांत काढून ते एकटेच जिवंत बाहेर आले.

मी ओरडले, "अकरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात, आणि हे आज सांगताय?"

ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं, तर मी बेलाला कडेवर घेतलं की दर वेळी तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस."

महिनाभर मी अबोला धरला. पुढच्या ऑगस्टला मेणबत्त्या मीच आणल्या, पण लावताना तिथे थांबले नाही.

१९८८ साली इस्पितळात त्यांनी माझा हात धरला. "माझ्या दगडावर त्या दोघींची नावं घाल, झेल्डा. त्यांना कुठं कबरच नाही गं."

मी हो म्हटले आणि घातली नाहीत. पाथरवटाकडे तू विचारलेस, "एवढंच लिहायचं?" मी म्हणाले, "दगड लहान आहे." दगड चांगला मोठा होता. त्याच्या शेहेचाळीस वर्षे आधी मारल्या गेलेल्या बाईचा मी मत्सर केला. अठरा वर्षे त्या कबरीपाशी उभी राहते आणि कोऱ्या जागेकडे न बघता परत येते. इतक्या मायाळू माणसाला दिलेला एकच शब्द मी मोडला.

तरी यांकेल यांच्या नावाखाली 'पत्नी पेसा' आणि 'मुलगी रूख्ल' अशी नावे त्याच आकाराच्या अक्षरांत कोरावीत. पाथरवटाने मापे घेतली आहेत. माझे नाव त्यांच्या खाली यावे.

ऑगस्टच्या मेणबत्त्या आता तू लाव. रूख्ल चारच वर्षांची राहिली, तरी तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिला ताई म्हण.

सही: झेल्डा क्रोनगोल्ड
कॉलफील्ड, मेलबर्न, २१ मार्च २००६

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. आव्रोम लुस्टिग, औषधविक्रेते
२. एट्टा फायनझिल्बर, निवृत्त शिक्षिका