पालक संघाचा होणारा अध्यक्ष

१४ सप्टेंबर
मिर्तो पहिलीत गेली. मी शाळेच्या पालक संघाचा अध्यक्ष होणार. डिसाइड झालं. झिसिस नावाचे गृहस्थ नऊ वर्षं खुर्चीला चिकटलेत. काम काय, तर वर्षातून एक कार्निव्हलची पार्टी. मी संघाची नियमावली पूर्ण वाचली. अख्ख्या वोलोस शहरात ती वाचलेला मी एकटाच असेन.

१९ सप्टेंबर
मिर्तोच्या दप्तरातून सभासदत्वाचा फॉर्म आला. एका कुटुंबातून एकच सभासद, एकच मत. कलम सहा. काय क्लीन नियम आहे! बायकोला म्हटलं, आर्गिरो, तू भरून टाक ना, मी भाषण लिहितोय.

२७ सप्टेंबर
आमच्याकडे पहिल्या सभेला कुणी जातच नाही. कोरम होत नाही, मग आठवड्याने दुसरी सभा. तिला येतील तेवढे चालतात. म्हणून सगळे थेट दुसरीला. ही सवय मी मोडणार. गेटवर चाळीस पालकांना पर्सनली भेटलो. सगळे म्हणाले, नक्की येतो. फोटिस तर म्हणाला, तू खुर्च्या मांड, माणसं मी आणतो. फोटिस म्हणजे मिर्तोचा धर्मपिता. लग्नविधीत आमच्या डोक्यावरचे मुकुट त्यानेच बदलले, तो मान जवळच्या मित्राचा. भावासारखा.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
पहिली सभा. साठ खुर्च्या. नवा शर्ट.

६.४०
मी आणि सफाईवाल्या पेलागियामावशी. त्या म्हणाल्या, पहिल्या सभेला कोण येतं रे बाळा, उचल त्या खुर्च्या, मला फरशी पुसायचीय. फोटिसला फोन केला. तो गुत्त्यात त्सिपुरो प्यायला बसलेला. मागे हसणारे निदान दहा आवाज माझ्या चाळीसातले.

७.१५
पॉझिटिव्ह बाजू: विरोधकही आले नाहीत.

५ ऑक्टोबर
आर्गिरो म्हणते, तू लोकांना कलमं सांगतोस, त्यांची विचारपूस करत नाहीस. ही गेटवर पाच मिनिटं थांबली की कुणाच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं कळतं हिला. टाइमवेस्ट.

११ ऑक्टोबर
दुसरी सभा. हॉल फुल. झिसिसचा मेहुणा सारखा मध्ये बोलत होता. मी उभा राहिलो. यादीत नाव नसेल त्याने बाहेर जावं, कलम नऊ. हात वर झाले, पास. मेहुणा गेला. चक्क टाळ्या.

मग सेक्रेटरीबाईंनी यादी वाचली. आमच्या घरातून सभासद: आर्गिरो. फॉर्म तिने भरला, नाव तिचंच घातलं. मी म्हटलं, मिस्टेक आहे. त्यावर बोललं कोण?

"नियम तुझाच ना, स्त्रातो? मग निघ की," फोटिस म्हणाला.

फोटिस.

भाषणाचे कागद आर्गिरोच्या हातात कोंबले. वाच, म्हणजे लोकांना कळेल लिहिणारा कोण आहे. बाहेर पॅसेजमध्ये मेहुण्याशेजारी बसलो. आतून टाळ्या, तीनदा. एक शिट्टी. मेहुणा म्हणाला, भाषण जोरदार दिसतंय. मी म्हटलं, माझंच आहे. त्याने मला सिगारेट दिली.

पावणेआठला झिसिस बाहेर आले, मला मिठी मारली. म्हणाले, सुटलो एकदाचा. फोटिसने आर्गिरोचं नाव सुचवलं, एकमताने अध्यक्ष.

घरी येताना तिला विचारलं, भाषण आवडलं ना लोकांना?

"पहिली दोन वाक्यं वाचली. पुढे नुसती कलमंच होती रे. मग मी आपलं माझं बोलले."

१२ ऑक्टोबर
असहकार. आर्गिरोशी बोलणार नाही. फोटिसशी जन्मात नाही. सासूबाईंनी पालक भरलेली पेस्ट्री पाठवली, अध्यक्षांसाठी. खाल्ली नाही. एकच तुकडा.

१५ ऑक्टोबर
आर्गिरोला अजून असहकार कळलेला नाही. फोन सतत बिझी.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
कमिटीची पहिली मीटिंग आमच्याच घरी, हॉलमध्ये. सात जण, फोटिस धरून. सभासद नसलेल्यांना बसता येत नाही. मी मिर्तोच्या खोलीत, तिच्या छोट्या खुर्चीवर. दार लावलेलं. बाहेर हशा चाललाय.

मिर्तोने विचारलं, बाबा, तू काय केलंस?

म्हटलं, भाषण लिहिलं.